बफ मारलेली तलवार

माझ्या वडिलांची तलवार आता इतकी चकचकीत झाली आहे, की तिच्यात बघून बाईनं भांग पाडावा. बघणारा प्रत्येक जण 'वा' म्हणतो. मला मात्र ती दिसली की तळपायाची आग मस्तकात जाते. हे मी गेले काही महिने भेटेल त्याला सांगत सुटले आहे. लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, अहो, घाण साफ केली, त्यात एवढं चिडण्यासारखं काय झालं? म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

सुरुवात इथून करायला हवी की ती तलवार आमची नव्हतीच. ती अमेरिकन होती. गुलामगिरीवरून त्यांच्या देशात आपापसांत जे मोठं युद्ध झालं, त्यात घोडदळातल्या शिपायांना सरकारनं ज्या तलवारी दिल्या, त्यांतली ती एक. कोल्हापुरात ती आली एका मिशनरी कुटुंबाबरोबर. त्या कुटुंबातली इथं राहिलेली शेवटची बाई डॉक्टर होती. लग्न केलं नव्हतं, सगळी हयात इथल्या बायकांची बाळंतपणं करण्यात गेली. तिच्या आजोबांनी ती तलवार लढाईत कमरेला लावलेली आणि वडिलांनी बोटीतून इकडं आणलेली. बाईंच्या बैठकीच्या खोलीत ती भिंतीवर असायची.

माझे वडील तेव्हा उद्यमनगरात भावाबरोबर नुकतीच एक लेथ टाकून बसलेले. बाईंच्या बंगल्यावरचा विहिरीचा पंप बिघडला की त्यांना बोलावणं यायचं. येता-जाता त्यांची नजर भिंतीकडं जायची. एकदा बाईंनीच विचारलं, बघायची आहे का? वडिलांचे हात ग्रीसनं माखलेले. ते आधी मोरीत गेले, हात धुतले, कोरडे केले आणि मगच त्यांनी तलवारीला हात लावला. त्या हात धुण्यावरच बाईंचा जीव बसला असणार. कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कपाटं कुणाला, खुर्च्या कुणाला, आणि तलवार म्यानासकट माझ्या वडिलांना. अट एकच घातली. माझ्या घरचं कुणी कधी ही तलवार मागत आलं, तर त्याच्या हातात द्यायची. कुणी नाहीच आलं, तर तुमची.

वडील म्हणाले, "व्हय." झालं. आमच्याकडं एकदा व्हय म्हटलं की विषय संपतो, त्याला कागद लागत नाही. हे घडलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की मी तिथं मोरीच्या दाराशी उभी होते असंच मला वाटतं.

तलवार दिसायला अगदीच साधी होती. पातं किंचित वाकडं, मुठीवर तीन पितळी दांड्यांची कमान, मुठीला काळं चामडं आणि त्यावर पिळाची तार. म्यान लोखंडी, त्याला अडकवायच्या दोन कड्या, आणि तळाशी एक पोचा. घोड्यावरून पडल्याचा पोचा असावा असं वडील म्हणायचे, पण ते त्यांच्या मनाचं. पात्याचा रंग जुन्या तव्यासारखा तपकिरी काळा. मुठीजवळ एका बाजूला 'यू. एस.' अशी इंग्रजी अक्षरं ठोकलेली, खाली तपासनिसाची आद्याक्षरं आणि साल. दुसऱ्या बाजूला कारखान्याचं नाव, तेही निम्मं पुसट. पुण्याहून एकदा जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे गृहस्थ मुद्दाम ती बघायला आले होते. भिंग लावून बसले आणि निघताना वडिलांना बजावून गेले, की हिला काही म्हणजे काही करू नका. संग्राहक बघतात ते ही अक्षरं आणि हा रंग. तो घालवलात, तर उरेल ते भंगारवाल्याला द्या.

वडिलांना ते सांगायची गरज नव्हती. ते लोखंडातलेच होते. मी लहानपणी एकदा राख आणि चिंच घेऊन बसले, देवाची भांडी घासतात तशी घासावी म्हणून. वडिलांनी माझ्या हातातली चिंच काढून घेतली. म्हणाले, "पोरी, ह्यो गंज न्हाय. ही हिची कातडी हाय." मग त्यांनी मला मऊ फडकं आणि मशीनचं पातळ तेल दिलं आणि कसं पुसायचं ते शिकवलं. तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तलवारीला तेल लावायचं काम माझं. लग्न झालं तरी माझंच राहिलं, कारण मी नांदायला गेले ती राजारामपुरीत, फार लांब नाही.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ धुतली-पुसली जायची. पान्हे, हातोडे, मायक्रोमीटर, सगळं ओळीनं मांडून झेंडूची फुलं वाहिली जायची. त्या ओळीत शेवटी तलवार. तिच्यापुढं वडील फूल ठेवायचे, अक्षता ठेवायचे, पण तिला कुंकू कधी लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पावणी हाय ती. आपलं कुंकू तिला कशाला?"

वडील गेले त्याला आता दोन वर्षं होतील. चुलते त्यांच्या आधीच गेले होते. वर्कशॉप आता माझा चुलतभाऊ बघतो. बघतो म्हणजे त्यात बसतो. लेथवर त्याला स्क्रूचा साधा आटा पाडता येत नाही, पण चौकात त्याचा फ्लेक्स मात्र बारा महिने असतो. वाढदिवसाचा, कुणाच्या तरी निवडीचा, नाहीतर सणाच्या शुभेच्छांचा. येत्या निवडणुकीत त्याला उभं राहायचं आहे. तलवार वर्कशॉपच्या ऑफिसात वडिलांच्या लोखंडी कपाटातच होती. किल्ली त्याच्याकडं. मी ती मागून घ्यायला हवी होती, असं शहाणपण आता सगळेच शिकवतात. मला काय ठाऊक, आपल्याच घरात चोरापेक्षा हौशी माणसाची भीती जास्त असते.

गेल्या पावसाळ्यात मला अमेरिकेतून मेल आला. डॉक्टर बाईंच्या भावाच्या नातीचा. वडील त्या घराला नाताळात न चुकता शुभेच्छा पाठवायचे, त्यांच्यानंतर मी पाठवत होते, त्यातून माझा पत्ता तिला मिळाला. ती शाळेत शिकवते. तिनं विचारलं होतं, ती तलवार अजून आहे का? वडील आजारी पडायच्या आधी मी मोबाइलवर तलवारीचे फोटो काढून ठेवले होते, पात्याचे, म्यानाचे, अक्षरांचे अगदी जवळून. ते मी पाठवून दिले. तिचं उत्तर आलं ते वाचून माझेही डोळे भरून आले. तिच्या घरात तीन पिढ्या जिच्याबद्दल नुसतं बोलत आल्या, ती तलवार तिनं पहिल्यांदा पाहिली होती. थंडीच्या सुट्टीत येते म्हणाली. तलवार नेता येणार नाही हे तिलाही कळत होतं, एवढ्या जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायच्या म्हणजे भानगडी असतात. पण एकदा हातात धरायची होती, आणि पुढं ती कुठं ठेवावी हे आम्ही दोघींनी मिळून ठरवायचं होतं. मला तर एवढंच हवं होतं. वडिलांनी दिलेला शब्द त्यांच्या मागं माझ्या हातून पुरा व्हावा.

मी आनंदानं हे चुलतभावाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, लई झकास, येऊ दे की पावणीला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तेल लावायला येते म्हणून फोन केला, तर म्हणाला, ह्या वर्षी तू तसदी घेऊ नको, पोरं करतात. मला वाटलं, चला, एक दिवस विसावा. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेले तर दारातच मांडव. आत लेथ कोपऱ्यात ढकललेली, तिच्यावर कुणाची तरी जॅकेटं टाकलेली. मधोमध चौरंग, त्यावर भगवं कापड आणि त्यावर एक लखलखीत तलवार. बाजूला लाल मखमलीचं जरीकाठी म्यान. मला वाटलं, यानं मर्दानी खेळवाल्यांची एखादी तलवार पूजेला आणली असेल. मी आमची शोधायला लागले. ओळीच्या शेवटी बघितलं, कपाटात बघितलं. मग त्या लखलखीत तलवारीच्या मुठीकडं नजर गेली. तीन पितळी दांड्यांची कमान.

वर्कशॉपमधल्या पोरांनी तिला चकाकी आणायच्या बफिंगच्या चाकावर धरलं होतं, ते त्यांनीच कौतुकानं सांगितलं. मग मोटारसायकलच्या सायलेन्सरला करतात तशी क्रोम करून आणली होती. मुठीवरचं चामडं खरवडून टाकलं होतं, तार काढून फेकली होती आणि त्या जागी लाल रेशमी दोरा गुंडाळून खाली गोंडा सोडला होता. मखमल बसेना म्हणून म्यानाच्या दोन्ही कड्या ग्राइंडरनं उडवल्या होत्या. तो पोचा पुटी भरून सपाट केला होता. आणि पात्याला मुठीपासून टोकापर्यंत कुंकवाची बोटं ओढली होती.

मी पुढं होऊन ती उचलायला गेले. चुलतभावानं माझा हात धरला. म्हणाला, "आक्का, हात नगं लावू. बायामाणसांनी शस्त्राला शिवायचं नसतंय."

ज्या हातांनी मी चाळीस वर्षं त्या लोखंडाला तेल लावलं, ते हात त्यानं सगळ्या गल्लीसमोर बाजूला केले. बरं, हा नियम कुणाचा? आमच्या घरात कुणी कधी ऐकलाय का? मी तोंडात आलं ते बोलले. मी विचारलं, अक्षरं कुठं गेली? त्याला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मग म्हणाला, "ती इंग्रजी व्हय? ती घालवली की. आपल्या घराण्याच्या तलवारीवर इंग्रजी कशाला पायजे?"

घराण्याच्या! आमचं मूळ गाव गारगोटीच्याही पलीकडं डोंगरात. तिथं आमच्या पणज्यानं भात लावला, नाचणी लावली, रानडुकरं हाकलली. आमच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे कोयता, आणि त्यात मला काडीची लाज वाटत नाही. पण चौकात फ्लेक्स लागला होता. एका बाजूला फेटा बांधून तलवार उगारलेला हा, आणि खाली लिहिलेलं, की पन्हाळ्याच्या रणसंग्रामात गाजलेल्या शूर घराण्याचा वारसदार. मी मघाशी येताना तो पाहिला होता आणि दुसऱ्याच कुणाचा तरी असेल म्हणून पुढं आले होते. त्याच्या वडिलांनी हयातीत उंदीर मारला नाही.

मी भांडत असतानाच हलगी सुरू झाली. त्यानं तलवार उचलली, कोहळा मांडला आणि एका घावात दोन तुकडे केले. पोरांनी गजर केला. पाणी टिपकत होतं पात्यावरून. ते त्यानं खिशातल्या रुमालानं पुसलं.

नंतर मी शांतपणे, म्हणजे मला जमेल तितक्या शांतपणे, तलवार परत मागितली. आता जे झालं ते झालं, निदान तिच्या मालकिणीच्या हातात देऊ. तर म्हणाला, तुझ्याच पावणीसाठी एवढं केलं, तिला काळीकुट्ट दाखवायची काय, आपली इज्जत जाती का न्हाय? म्हणजे एका तोंडानं तलवार आपल्या घराण्याची, आणि त्याच तोंडानं ती पावणीसाठी घासलेली. खोटं बोलताना माणसानं निदान एक खोटं धरून राहावं. भावकीतल्या एका म्हाताऱ्या काकांकडं गेले, वाटलं, यांनी माझ्या वडिलांना पाहिलं आहे, हे तरी बोलतील. ते म्हणाले, घरातली वस्तू घरात राहू दे, तुझं लगीन होऊन गेलंय. चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मी पाहुणीला मेलवर काही लिहिलं नाही. काय लिहिणार? तुझ्या पूर्वजाच्या तलवारीला आम्ही सायलेन्सरसारखं पॉलिश केलं? समोर बसवून सांगेन, माझ्या तोंडून ऐकेल, समजेल, असा मी हिशेब केला.

ती आली. पन्नाशीची, उंच, साधी बाई. पायांत इथं आल्या आल्या घेतलेल्या कोल्हापुरी चपला आणि त्यांनी आलेले फोड. रिक्षात सांगायचं म्हटलं तर ती एकसारखी डॉक्टर बाईंबद्दल विचारत होती, त्यांचा बंगला कुठं होता, त्या भाकरी खायच्या का, आणि मी तिच्या तोंडावरचा आनंद घालवायला पुढच्या सिग्नलपर्यंत थांबू म्हणत राहिले. असं करता करता उद्यमनगर आलं. मांडव पुन्हा उभा. नव्या फ्लेक्सवर तिचा फोटो, कुठून मिळवला देव जाणे, आणि त्याच्या तिप्पट आकाराचा चुलतभावाचा. उतरल्या उतरल्या तिच्या डोक्याला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. ती बिचारी हसत सगळ्यांना नमस्कार करत होती. कोल्हापूरचा पाहुणचार म्हणजे समोरच्याला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही.

चुलतभाऊ मला म्हणाला, "आक्का, तिला इंग्रजीत सांग, आमच्या पूर्वजांनी ही तलवार पन्हाळ्याला चालवली."

मी म्हटलं, मी नाही सांगणार. तू सांग, येत असेल तर.

त्याला येत नव्हतं. मग त्यानं दुसरं केलं. मोबाइलवाल्या पोरांना पुढं बोलावलं, चौरंगावरची तलवार उचलली आणि दोन्ही हातांनी त्या बाईच्या हातात दिली, फोटोसाठी. बायामाणसांनी शिवायचं नसतं ना? माझ्या हाताला विटाळ आणि गोऱ्या हाताला फोटो. मी तिथंच त्याला हे ऐकवलं. पोरं हसली. त्यालाही हसूच आलं.

पण तलवार तिच्या हातात होती. कशी का असेना, वडिलांनी जिला द्यायची म्हणून शब्द दिला होता तिच्या हातात होती. मी तिच्या जवळ गेले आणि इंग्रजीत म्हणाले, हीच ती. तुमची.

तिनं ती फिरवून पाहिली. मुठीजवळ, जिथं अक्षरं होती तिथं, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटी करून दुसरी बाजू बघितली. मग तलवार चौरंगावर ठेवून पर्समधून मोबाइल काढला आणि मी पाठवलेले फोटो उघडले. काळपट पातं, ठोकलेली अक्षरं, चामड्याची मूठ. एकदा मोबाइलकडं बघायची, एकदा चौरंगाकडं. मग माझ्याकडं बघून हलक्या आवाजात म्हणाली, "मूळची कुठं आहे?"

मी सांगायला लागले. बफिंग, क्रोम, मखमल, कड्या, पुटी. माझं इंग्रजी बेताचं, रागानं ते आणखीच तुटत होतं, मागं हलगी वाजत होती. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती बनावट वाटतं आहे. पुरावा म्हणून तिच्याकडं होते ते माझेच फोटो, आणि ते माझ्याच विरुद्ध बोलत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की तिचा भाऊ अशा तलवारी जमवतो. त्यांच्याकडच्या जत्रांतून या तलवारीच्या नकला ढिगानं मिळतात, अशाच चकचकीत, आणि त्या बहुतेक भारतातूनच येतात. निघताना त्यानं तिला बजावलं होतं, अक्षरं बघ, लोखंडाचा रंग बघ.

मी म्हणाले, देवाशपथ ही तीच आहे.

तिनं माझा हात हातात घेतला आणि वरून थोपटलं. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या वडिलांवर काही वेळ आली असेल. मी समजू शकते."

विकली, असं तिला म्हणायचं होतं. माझ्या वडिलांनी तिच्या घरची तलवार विकली आणि लेकीनं बाजारातली नकल पुढं केली, एवढाच अर्थ होता तिच्या थोपटण्याचा. ती रागावली असती तर मी भांडले असते. तिनं माफ केलं होतं, त्याच्यावर काय बोलणार? फेटा नीट काढून तिनं माझ्याकडं दिला, सगळ्यांना पुन्हा नमस्कार केला आणि हॉटेलवर सोडा म्हणाली.

ती रिक्षाकडं चालायला लागली तेव्हा चुलतभाऊ माझ्याजवळ आला. "काय म्हणली गं ती?"

मी म्हटलं, ती म्हणाली, ही तिची नाही.

"मग झालं की, आक्का," तो म्हणाला. "मी तरी वेगळं काय म्हणत हुतो?"